माय नेम इज

"माय? माय शेतात निंदायला गेली असेल. तिला वर्गात कशाला बोलावतेस?"

सर असं म्हणाले अन् सारा वर्ग हसला. मी उभीच.

अमरावतीची शाळा. इंग्रजीचं पहिलं वर्ष. आम्ही बौद्ध झालो त्याला दोन वर्षं झाली होती. मी वलगावहून पायी यायची. सरांनी एकेकाला नाव विचारलं. माझी पाळी आली. "माय नेम इज" एवढंच तोंडातून निघालं, तेवढ्यात त्यांनी तोडलं. माझं नाव राहूनच गेलं.

पुढच्या बाकावरच्या, एका वकिलांच्या पोरानंही "माय"च म्हटलं होतं. त्याला शाबासकी.

मग सर मागच्या बाकांकडे बोट दाखवून म्हणाले, "तुम्ही मंडळी फक्त लिहा. बोलू नका. तुमच्या जिभेला ही भाषा वळायची नाही."

मागच्या बाकांवर कोण बसायचं, हे सांगायला नको.

माझी माय खरंच त्या दिवशी निंदायला गेली होती. संध्याकाळी तिनं विचारलं, "कावून रडून राहिली वं?" काय सांगू तिले?

दोन वर्षं मी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही. वाटेत मात्र बोलायची. बाभळीशी, बैलांशी. चुकत. मोठ्यानं.

मग तपासणी आली. सरांनी पुढच्या बाकावरची चार पोरं पढवून ठेवली. इन्स्पेक्टर साहेबांनी इंग्रजीत विचारलं, कोण बोलेल? चार हात वर झाले. मी हात वर केलाच नाही. सरळ उभी राहिली.

"आय स्पीक. दिस सर नो आस्क मी. टू इयर नो आस्क."

साहेब सरांकडे वळले. "व्हाय?"

सरांची मान खाली गेली. मी ती खाली गेलेली मान डोळे भरून पाहिली. कीव आली नाही. गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी हातावर छड्या बसल्या, तरी गोडच वाटत होतं.

आता मी अकोल्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गात पहिले दोन महिने चूक काढायची नाही. आधी शेजारच्याशी हळू बोलायचं, मग दोघांनी मिळून, मग एकट्यानं उभं राहून. जो हसेल, तो बाहेर.

परवा एक जुने मास्तर म्हणाले, "बाई, तुमची पोरं अशुद्ध बोलतात. शाळेची लाज जाते."

म्हटलं, "आज अशुद्ध बोलून राह्यले. उद्या तुमाले शुद्ध भाषेत जाब इचारतीन. तयारीत राहा."

अमरावतीच्या त्या सरांना मी माफ केलं नाही. करणार नाही. ते गेल्याची खबर आली तरी माझा वर्ग सुटणार नाही. त्या दिवशी मी एक तास जास्त घेईन.