डाव्या दाराची खरखर

माझा धाकटा भाऊ ताओलो खर्जात गातो. आमच्या कान्ये गावातल्या चर्चच्या गायकमंडळात शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा असतो. पोट पुढे, डोळे मिटलेले, आणि आवाज असा की बाकावर हात ठेवला तर हाताला कळतो. पण खर्जवाल्याचं नशीबच फुटकं. लोक घरी जाताना गुणगुणतात ते पुढच्या रांगेतल्या बायकांचं. ताओलो नसला तर मात्र सगळे म्हणतात, आज काहीतरी कमी होतं बाई, काय ते कळलं नाही.

आयुष्यभर त्याने सरकारी बोअरवेलवर पंप चालवला. पंप सुरू करायचा, बंद करायचा, मधल्या वेळात गायचं. पंपाच्या धडधडीशी स्पर्धा करून करूनच ह्याचा गळा खाली गेला, असं आई म्हणायची. लग्न केलं नाही. का रे बाबा, विचारलं तर म्हणतो, "गाई आहेत की."

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी पिकअप घेतली. पांढरी गाडी, पण उजवं दार निळं, कारण मूळचं दार कुणीतरी झाडाला घासून घालवलेलं. दर शुक्रवारी तो गुरांसाठी मिठाची पोती मागे टाकून रानातल्या आमच्या गोठाणावर जायचा आणि रविवारी पहाटे चर्चसाठी परत यायचा. गाडीत रेडिओ होता. दारांमध्ये कंपनीने बसवलेले दोन स्पीकर होते, त्यातला डावा फाटका. त्याचं असं झालं, की एकदा ह्या शहाण्याने आजारी बकरी माणसासारखी पुढच्या सीटवर बसवून आणली, आणि वाटेत तिला बरं वाटल्याबरोबर तिने दाराला लाथ घातली. तेव्हापासून डाव्या दारातून बातम्या असोत की भजन, आधी खर्रर्र व्हायचं आणि मग शब्द यायचे. मी नेहमी डावीकडे बसणार, म्हणजे ती खरखर माझ्याच गुडघ्यावर.

नाताळात आमच्या मंडळाचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. प्रत्येकाला पेनड्राइव्ह मिळाला. ताओलोने गाडीत लावला, मान तिरकी करून सबंध ऐकला, पुन्हा लावला.

"ताई, यात मी कुठाय?"

"असशील की मागे."

"मागे पण नाही. बायका आहेत, तो मोसू किंचाळतोय, तो पण आहे. मी नाहीच."

"बरंय ना. गाणं चांगलं झालंय."

मी थट्टा केली खरी, पण त्याचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. इतकी वर्षं गातोय बिचारा, आणि स्वतःच्या गाडीत स्वतः नाही.

दुसऱ्याच आठवड्यात त्याने दोन बोकड विकले आणि फाराईकडे आला. फाराई झिंबाब्वेचा. बसथांब्याजवळच्या मारुलाच्या झाडाखाली तो गाड्यांचे रेडिओ-स्पीकर बसवतो, आणि त्याच झाडाच्या दुसऱ्या अंगाला मी माग्विन्या, म्हणजे मैद्याचे फुगीर गोळे, तळते. त्यामुळे झालेला सगळा तमाशा मी कढईमागून पाहिला.

फाराईने दाराचं आतलं आवरण उचकटलं. दोन खिट्ट्या तुटल्या, त्या त्याने पायाने हळूच बाजूला सारल्या, मी पाहिल्या. मग जुना स्पीकर काढून हातावर तोलला.

"बघा काका, कागद नुसता! आणि चुंबक म्हणजे शर्टाचं बटण. यातून खर्ज कसा येणार? तुमचा आवाज आत येतो आणि दारातच मरतो."

"मरतो?" ताओलो घाबरून म्हणाला.

नवे स्पीकर चांगले वजनदार होते. गाडीपेक्षा तेच जड दिसत होते. मी म्हटलं, "अरे, नाकापेक्षा मोती जड!" पण हौसेला मोल नसतं. शिवाय नव्याचं चुंबक एवढं मोठं, की काच अर्ध्यावर येऊन त्याला आपटायला लागली. मग स्पीकर जरा बाहेर घ्यायला लाकडी कडं हवं, म्हणून फाराईने इकडे तिकडे पाहिलं आणि मला न विचारता माझ्या बाकाची फळी कापली! गिऱ्हाईक बसायचं त्यावर! मी झारा घेऊनच धावले. तर म्हणतो, "मावशी, चर्चचं काम आहे." घ्या! चर्चचं नाव काढल्यावर मी झारा घेऊन परत कढईशी. दाराचा पत्रा थरथरू नये म्हणून त्याने आतून छपराची डांबरी पट्टी चिकटवली, तारा जोडल्या आणि गाणं लावलं.

आधी बायका आल्या, मोसू आला. आणि मग खालून, जमिनीतून यावा तसा, माझा भाऊ आला. माझ्या कढईतलं तेल थरथरलं, खोटं नाही सांगत. ताओलोने दाराला कपाळ टेकवलं.

"ताई, तो मी."

"हो रे बाबा, तूच."

"ऐक ना. आता पुन्हा येतो मी."

त्या दिवशी त्याने झाडाखालच्या प्रत्येकाला तो कुठे कुठे येतो ते दाखवलं. जुन्यापैकी एक स्पीकर फाराईने ठेवून घेतला. फाटका मी घरी नेला आणि कोंबड्यांच्या दाण्याच्या बादलीवर झाकण म्हणून ठेवला. बरोब्बर बसला.

आता खरी गोष्ट. ईस्टरनंतर माझ्या लेकीचं, सेतुन्याचं लग्न ठरलेलं होतं. आमच्यात भाचीच्या लग्नात मामाला गाय द्यावी लागते, आणि ती गाय कुठली हे तर आई मरायच्या आधीच सांगून गेली होती. आईच्या स्वतःच्या एका गाईची ही वंशवेल, त्यातली नालेदी. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. "नालेदी सेतुन्याची," असं आईने ताओलोचा हात धरून सांगितलं होतं. तेव्हापासून तो त्या गाईला पाहुणीसारखा वागवायचा.

फेब्रुवारीत, आमच्याकडच्या पावसाळ्यात, रानात तळी भरली. तळी भरली की गुरांना गोठाणावरच्या आमच्या बोअरवेलची गरज नसते, ती पांगतात. एका रविवारी ताओलो चर्चला आला तो पडलेल्या चेहऱ्याने, आणि गायला उभा राहिला पण तोंडच उघडलं नाही.

"नालेदी नाही," तो बाहेर येऊन म्हणाला. "गाभण आहे, ताई. दिवस भरलेत. कुठे जाऊन व्यायली असेल."

"बाकीची?"

"बाकीची दिसतात लांबून. पण जवळ येत नाहीत. मिठाला पण येत नाहीत. काय झालंय त्यांना देव जाणे."

पुढच्या खेपेलाही तेच. तो भटक्या गुरांच्या कोंडवाड्यात जाऊन एकेक कपाळ बघून आला. नाही. शेजारी म्हणाले, दुसरी गाय विकत घे. माझ्या तोंडावरही तेच आलं होतं, पण तो आधीच म्हणाला, "गाय मिळेल गं. आईची गाय कुठून आणू?" लग्नाच्या दिवशी भर मांडवात मामाला उठून उभं राहावं लागतं, सगळ्यांसमोर. नुसत्या कल्पनेनेच त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि खरं सांगते, माझ्याही. आईचा शब्द आमच्या दोघांवर होता.

शेवटी मी कढई शेजारणीकडे दिली आणि शुक्रवारी त्याच्याबरोबर गेले. वाळूच्या वाटेवर गाडी हेलकावे खात होती, आणि माझ्या गुडघ्याशी आता स्वच्छ, गुळगुळीत खर्ज. बरं वाटत होतं, उगीच कशाला नाही म्हणू.

गोठाणावर पोचलो तर केरेमांग, आमचा म्हातारा गुराखी, कुंपणापाशी दचकून उठला. चूल थंड, चहा नाही. ताओलोचा पारा चढला.

"झोपला होतास? गाई अशाच झोपेत घालवल्यास ना?"

"झोपलो नव्हतो. गाडी कुणाची ते कळलं नाही."

"कळलं नाही? इतकी वर्षं येतोय मी! बहिरा झालास का?"

केरेमांगही काही कमी नाही. काठी रोवून म्हणाला, "मी बहिरा? अरे, पूर्वी तू त्या मोठ्या काटेरी झाडापाशी आलास की मला खर्रर्र ऐकू यायचं. मी चहा ठेवायचो. गुरंही उठायची. आता तू येतोस आणि वाटतं, सरकारी साहेब आला लस टोचायला. मीच लपावं की काय असं वाटतं, तर गुरांचं काय!"

ताओलो म्हणाला, "उगीच काहीतरी बोलू नकोस," आणि हट्टाने मीठ द्रोणीत ओतून गाणं मोठ्याने लावलं. दूर झाडीत गुरं दिसत होती. त्यांनी माना वर केल्या. मग माझ्या भावाचा तो सुंदर खर्ज रानभर पसरला, आणि त्या गुरांनी शेपट्या उचलून जी धूम ठोकली, ती पार पलीकडे.

मला हसू आवरेना. "गुरांचं म्हणणं आहे, कालचा गोंधळ बरा होता!"

ताओलो हसला नाही. मग एकदम माझ्याकडे वळला.

"ताई, तो फाटका कुठाय?"

"कोंबड्यांच्या बादलीवर."

त्याने किल्ली फिरवली. माझा चहाही झाला नव्हता.

कान्येत फाराईने तो स्पीकर पाहिला. कोंबड्यांनी चोची मारून मारून त्याची पार चाळण केलेली, वर विष्ठा. "काका, हा लावू? डाव्या दारात? माझ्या हाताने?"

"लाव."

"लोक विचारतील हे काम कुणी केलं, तर माझं नाव सांगू नका."

लावला. डावीकडे जुनी खरखर, आता आधीपेक्षा सवाई, आणि उजवीकडे नवा स्पीकर. आम्ही परत निघालो. ताओलोने वाटेत रेडिओ लावला नाही. त्या मोठ्या काटेरी झाडापाशी त्याने गाडी थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

खर्रर्र! कुठल्याशा गावच्या मयताची सूचना चालू होती, त्यातलं अक्षरही कळेना. पण पुढे केरेमांगच्या चुलीतून धूर निघाला. आणि मग झाडीतून ती आली. चालत नाही, धावत. तांबडी, करडी, वासरं, बैल, सगळी गाडीभोवती, एकमेकांना ढुशा देत, मिठासाठी द्रोणीत तोंडं घालत. ताओलो त्यांच्यातून वाट काढत एकेक कपाळ बघत होता. पांढरा ठिपका नव्हता.

आम्ही वाट पाहिली. चहा झाला. गुरं मीठ चाटून बसली. मयताच्या सूचना संपल्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला, तोही खरखरतच. ताओलो टपावर बसून तळ्याच्या दिशेला बघत होता. मी मनात आईला म्हटलं, बये, आता तूच बघ.

ऊन कलल्यावर केरेमांगने नुसती काठी वर करून दाखवली. झुडपांतून नालेदी येत होती. हळूहळू, थांबत थांबत, मागे वळून बघत. आणि तिच्या मागे लटपटत एक कालवड, कपाळावर ठिपका घेऊन. नालेदी सरळ डाव्या दारापाशी आली आणि त्या फाटक्या स्पीकरच्या जाळीला नाक लावून फुरफुरली.

माझा जीव भांड्यात पडला. ताओलो टपावरून उतरला, आणि दोघींच्या मध्ये जाऊन लहान पोरासारखा रडला. मी त्याला रडू दिलं. मग तो केरेमांगला म्हणाला, "तू बहिरा नाहीस."

"ते मला ठाऊक आहे," केरेमांग म्हणाला. "साखर किती घालू?"

लग्नाच्या दिवशी मांडवात सेस्वाचे, म्हणजे कुटलेल्या मांसाचे ढीग, ज्वारीच्या बोगोबेची पातेली, आणि आमचा ताओलो नव्या कोटात घामाघूम. त्याची वेळ आली तेव्हा तो उठला आणि नालेदीचं दावं सेतुन्याच्या हातात दिलं. मागे कालवड. बायकांनी आरोळ्या दिल्या. मी पण दिली, घसा फाटेपर्यंत.

तेवढ्यात नवऱ्या मुलाचा काका, गुडहोप गावचा खवचट म्हातारा, खुर्चीतूनच म्हणाला, "गाय उत्तम आहे हो. पण आमच्या रानात टिकेल का? आमची हाक तिला कुठे ठाऊक? पहिल्या पावसाला पळेल मामाकडे."

लोक हसले. सेतुन्या नाही हसली. ती दावं घट्ट धरून हळूच म्हणाली, "खरंच मामा, मी तिला बोलवू कशी?"

ताओलो तडक मांडवाबाहेर गेला. मला वाटलं, झालं, रागावला. मी मागे धावले, तर हा कोट काढून, गाडीचं डावं दार उघडून, पेचकस घेऊन बसलेला. परत आला तेव्हा हातात तो चाळण झालेला स्पीकर होता, तारा लोंबत होत्या. तो त्याने दोन्ही हातांनी भाचीला दिला.

"गाय दिली," तो म्हणाला, "तर तिची हाकही द्यायला नको का? जावईबापूंच्या गाडीत डावीकडे लावा. आजीची गाय आहे, येईल."

कुणी हसलं नाही. त्या खवचट काकाने टोपी काढली. आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं, त्यात लाज कसली.

सोमवारी मी माग्विन्या तळत होते, तर निळ्या दाराची गाडी झाडाखाली आली. ताओलो तो काढून ठेवलेला नवा कोरा स्पीकर घेऊन उतरला आणि फाराईपुढे ठेवला.

"हा डाव्या दारात बसव. पण आधी फाड."

फाराई माझ्याकडे बघायला लागला. "मावशी, काका काय म्हणतायत?"

"फाड," ताओलो म्हणाला. "बाकीच्या गाई आहेत ना माझ्या. बेताने फाड, खरखर आली पाहिजे."

फाराईने ब्लेड घेतलं आणि तोंड दुसरीकडे करून चीर दिली. रेडिओ लावला. ताओलोने मान तिरकी करून ऐकलं.

"अजून थोडं," तो म्हणाला.