खंडेनवमीचे फोटो

“अक्का, सगळ्या सालांचे फोटो कशाला पायजेत?” फोटोवाल्यानं विचारलं.

मी सांगितलं, लेकीला दाखवायला. लेक सहा वर्षांची होती. त्याला ते पटलं नाही, पण त्यानं जुन्या निगेटिव्हवरून फोटो काढून दिले.

सोलापुरात भवानी पेठेतल्या एका रेडिमेडच्या कारखान्यात मी शर्टांच्या कॉलरी शिवायची. कॉलर म्हणजे शर्टातलं सगळ्यात कटकटीचं काम. टोक दोन्हीकडं सारखं यावं लागतं, नाहीतर माणूस वाकडा दिसतो. लग्नाआधीपासून मी तेच करत होते. नवऱ्याची मिल महिना चालायची, दोन महिने बंद असायची.

माझा भाऊ कॅनडात फिटर होता. त्यानं कळवलं, इथं शिवणाऱ्या बायका हव्या आहेत, तू अर्ज कर. अर्ज केला. कॅनडाच्या दिल्लीतल्या ऑफिसनं विचारलं, अनुभवाचा पुरावा कुठाय? मालकाचं सर्टिफिकेट पाठवा.

तिथंच गाडी अडली. आमच्याकडच्या कटिंग मास्तरनं मुंबईच्या नोकरीसाठी सर्टिफिकेट मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलापाशी दुसरा माणूस उभा. माझा अर्ज मंजूर व्हायला वर्ष लागणार, कदाचित होणारही नाही. तोवर घरात खायचं काय?

सर्टिफिकेट नाही तर मस्टर दाखवावं, म्हणजे हजेरीपुस्तक. पण मस्टरवर माझं नावच नव्हतं. निम्म्या बायकांचं नव्हतं. कामगार जास्त दाखवले की मालकाला फंड भरावा लागतो, कायदे लागतात. इन्स्पेक्टर आला की आम्हाला मागच्या दारानं देवळात पाठवायचे. देवाला आमची हजेरी पाठ होती, सरकारला नव्हती.

मग मला खंडेनवमी आठवली. त्या दिवशी आम्ही मशिनी पुसून झेंडूचे हार घालायचो, पूजा व्हायची आणि मालक फोटोवाल्याला बोलावून सगळ्यांचा फोटो काढून घ्यायचे. मधे मालक, भोवती आम्ही, मागं कारखान्याची पाटी, पुढं स्लेटवर खडूनं घातलेलं साल. दरसाल मी माझ्या मशिनीला टेकून उभी. याहून मोठा पुरावा कुठला?

फोटो घेतले आणि आठवड्यात मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. फोटोवाला त्यांचं जुनं गिऱ्हाईक. बोलता बोलता त्यानं सांगून टाकलं होतं.

मालकांनी दार लावलं. “बस,” म्हणाले. इतक्या वर्षांत कधी बस म्हणाले नव्हते. मी समजले, मशीन गेली.

“कुणी शिकवलं तुला हे? लाल बावट्यावाल्यांनी?”

मी म्हटलं, तसं काही नाही.

“मग इन्स्पेक्टरला दाखवनार व्हय?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोटोत मी फक्त स्वतःला बघत होते. मालक सगळ्या बायका बघत होते. मस्टरवर नसलेल्या बायका दरसाल नटूनथटून त्यांच्या शेजारी उभ्या होत्या.

खोटं बोलले असते तर युनियनची म्हणून हाकललं असतं. खरं बोलले तरी हाकलतील, पण निदान खऱ्यासाठी.

“कॅनडाला जायचंय, मालक. कामाचा पुरावा मागत्यात.”

ते खुर्चीत मागं टेकले.

“म्हंजे तू जानार? पार परदेशात?”

“जानार.”

“तितं शर्टाला कॉलरी असत्यात का?”

“असत्यात की. म्हनून तर बोलावत्यात.”

मालक हसले. पोऱ्याला हाक मारून दोन चहा सांगितले. मी त्यांचं काम सोडणार हे ऐकून एवढा खूश झालेला मालक मी पुन्हा पाहिला नाही.

“आन् हे फोटो?” त्यांनी विचारलं.

“सर्टिफिकेट मिळालं तर फोटो कशाला लागतील मला? तुमीच ठेवा.”

त्यांनी कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून इंग्रजीत लेटरहेडवर टाइप करून आणलं. सोलापुरात कुणाला दाखवायचं न्हाय, अशी अट घातली. मीही अट घातली, दिल्लीचं उत्तर येईपर्यंत मशीन माझीच आणि बाहेर बोलायचं नाही. भावानं पुढं मला ते मराठीत वाचून दाखवलं. एवढी हुशार बाई कोण म्हणून मी विचारणार होते.

वर्ष उलटलं आणि मंजुरी आली. तिकडच्या कारखान्यात मी जॅकेटांच्या कॉलरी शिवल्या, केस पांढरे होईपर्यंत.

मालकापासून काय लपवायचं याचाच विचार मी करत बसले होते. मालक आपल्यापासून काय लपवतो हे आधी बघायला हवं होतं. काम लवकर झालं असतं.

फोटो मी कबूल केल्याप्रमाणे मालकांना देऊन टाकले. निगेटिव्ह फोटोवाल्याकडंच राहिल्या, हे त्यांना सुचलं नाही. निघायच्या दिवशी माझ्या शेजारच्या मशिनीवरच्या महादेवीच्या कानात तेवढंच सांगून आले. पुढच्या दिवाळीनंतर तिनं कुणाकडून तरी पत्र लिहून घेऊन पाठवलं. सगळ्या बायकांची नावं मस्टरवर चढली होती.