सहावी स्प्रिंग

नाहीताईंचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्या एकाच टेबलावर एकच वस्तू दुरुस्त करत आणि तपासत आल्या होत्या, आणि निम्म्या वेळा तरी "नाही, हे जाणार नाही" म्हणत आल्या होत्या. वस्तू म्हणजे विमानांची जोडणी. एक विमान उडता उडता दुसऱ्याला इंधन पाजतं, तेव्हा मागे सोडलेल्या लांब नळीच्या टोकाला ही असते. दुसऱ्या विमानाची नळी आत शिरली की सहा स्प्रिंगांवरचे सहा रोलर तिला धरतात आणि ठरावीक ताण बसला की सोडतात. आधीच सोडलं तर इंधन वैमानिकाच्या काचेवर. सोडलंच नाही तर दोघांचंही कल्याण!

या धास्तीपायी ताई घरी कुकरचं झाकणसुद्धा तीनदा लावून-काढून बघत. नवरा वैतागून म्हणे, "अगं, हे स्वयंपाकघर आहे, विमानतळ नाही."

त्यांच्या टेबलाचा एक नियम होता: ताटाला कुणी हात लावायचा नाही. पत्र्याच्या त्या ताटात डावीकडे काढलेल्या जुन्या स्प्रिंगा, उजवीकडे नव्या. दिसायला सख्ख्या बहिणी, पण जुन्यांचा जोर ओसरलेला.

त्या दुपारी जोडणी न्यायला गाडी दारात उभी होती आणि तपासणीत तिसऱ्या ओढीला ती वेळेआधीच सुटली. पहिल्या दोन वेळा अगदी शहाण्यासारखी वागली होती.

"तिनांतल्या दोन बरोबर आहेत ना, ताई?" साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

"मग वैमानिकाला सांगा, तिसऱ्यांदा जाऊ नकोस म्हणून."

साहेबांनी कपाळावर हात मारला. ताईंचा राग मात्र शेजारच्या टेबलावरच्या फिटरवर, लांब्यावर निघाला. "माझ्या ताटाला हात लावलास ना? सकाळी तूच इथे घुटमळत होतास!"

"ताई, मी पाना न्यायला आलो होतो. शपथ!"

"शपथा नकोत. कामाच्या नावानं शंख आणि वर तोंड करून बोलतोस!"

लांब्या मान खाली घालून उभा राहिला. त्याची नोकरी अजून कायम झाली नव्हती. असा एक शेरा त्याला घरी बसवायला पुरला असता.

ताईंनी तणतणत जोडणी उघडली. एकेक स्प्रिंग दाबून मोजली: पाच नव्या, सहावी जुनी. आणि मग त्यांना सकाळ आठवली. पाच बसवून झाल्या होत्या, तेवढ्यात नवऱ्याचा फोन: कुकरचं झाकण लागत नाही! इतकी वर्षं जेवूनही माणसाला झाकण कळू नये? त्याला पाच मिनिटं फोनवर शिकवलं, त्याच संतापात टेबल खसाखसा पुसलं, ताट उचललं आणि परत ठेवलं. उलटं, डावी बाजू उजवीकडे. पुढची स्प्रिंग हातानं सवयीनं उजवीकडूनच उचलली.

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब हळूच म्हणाले, "तीन महिन्यांनी तुमची निवृत्ती. सव्वीस वर्षांत एक शेरा नाही. 'स्प्रिंग सदोष' लिहा, मिटलं."

"स्प्रिंग सदोष कुठे आहे? जुनी आहे. तिला आत कुणी घातली?"

"बरं बाई, 'कामगाराची चूक' लिहा!"

"आणि उद्या सगळे बघणार कुणाकडे?"

साहेबांची नजर नकळत लांब्याकडे गेली.

ताईंनी नोंदवही ओढली, नामंजूरचा शिक्का मारला आणि कारणाच्या रकान्यात हजेरीपटावरचं आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लांब्या, ताटाला हात तू नव्हता लावलास, मी लावला होता. चुकले मी."

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. ताईंनी ताट सरळ केलं आणि लांब्यापुढे सरकवलं.

"सहावी तू बसव. आज माझ्या हातांवर माझा भरवसा नाही."