कुलपावरचा लाल कागद

लेकीची नोकरी दक्षिण चीनमध्ये, म्हणून मी तिथे. एका रविवारी तिने मला समुद्रकाठचं तटबंदीचं जुनं गाव दाखवलं. चाच्यांना अडवायला शेकडो वर्षांपूर्वी बांधलेला दगडी तट अजून ठणठणीत आहे. चाचे कधीच संपले. मग गावातलीच माणसं पोटापाण्यासाठी त्याच वेशीतून बाहेर पडली आणि आत कुलपं उरली.

त्यांचं नवं वर्ष जवळ आलं होतं. माझ्याच वयाची एक बाई खळीचं भांडं घेऊन कुलूपबंद दारांवर शुभेच्छांचे लाल कागद चिकटवत होती.

"एवढी घरं हिची?" मी विचारलं.

लेकीने तिला विचारून सांगितलं, "शेजाऱ्यांची. म्हणते, कागद नसला तर घराला वाटेल, आपल्याला टाकलं."

मला एक नवी नवरी आठवली, म्हणजे मीच. सासरच्या भरल्या घरात फुरंगटून बसायची आणि 'देवा, एकदा तरी या घरात मी एकटी असू दे' म्हणून विनवायची. देव काही बहिरा नव्हता, फक्त सावकाश काम करणारा होता.

"आई, आता इथेच राहा," लेक म्हणाली. "तिकडे आहे कोण?"

तेवढ्यात बाईने माझ्या हातात ब्रश दिला. माझा कागद तिरका बसला, तशी ती मला चिनीत झापायला लागली. फार बरं वाटलं.

संध्याकाळी कोकणात शेजारच्या सुमनला फोन लावला. "पाडव्याला माझ्या दाराला तोरण लावशील?"

"म्हणजे काकू, तुम्ही येत नाही?"

लेक ऐकत होती.

"येते तर," मी म्हटलं. "तोरण सुकायच्या आत."