स्विचच्या आधीच्या लाटा

आमच्या उज्जैनच्या सबस्टेशनवर कपॅसिटर चालू करताना ट्रान्सफॉर्मर जळाला आणि ड्यूटीवरच्या ऑपरेटरला निलंबित केलं. कपॅसिटर बंद केला की त्यात साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं असतं. हा थांबला नाही, लागोपाठ दोनदा स्विच दाबला, असा आरोप होता. तो म्हणत होता, एकदाच दाबला. आरोप सिद्ध झाला असता तर त्याची नोकरी गेली असती.

चौकशीत तांत्रिक बाजू माझ्याकडे होती. मलाही त्याचा भरवसा वाटत नव्हता. रजिस्टरमधल्या त्या दिवसाच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत होत्या. मुद्द्यांच्या यादीत मी ते सर्वांत वर टिपलं.

खासगी सल्लागारांना कामं देण्याची तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती. इंदूरचे एक सल्लागार देवास गेटच्या बसस्टँडहून टेम्पोने आले, एकदा स्विच दाबल्यावर व्होल्टेजचं काय होतं याचा कॉम्प्युटरवर गणित करून काढलेला आलेख घेऊन. स्विच दाबला तो क्षण शून्य धरलेला, आणि शून्याच्या आधीच व्होल्टेजच्या लाटा.

"ये देखिए, पहले भी दबाया था," चौकशी अधिकारी म्हणाले.

"साहब, कंप्यूटर को तो एक ही बार दबाना बताया है. फिर पहलेवाला किसने दबाया?" मी म्हटलं.

"अब मैडम कंप्यूटर को भी नोटिस देंगी."

सल्लागार हसले. मी पद्धत विचारली. स्विच दाबल्यावर बसणाऱ्या विजेच्या झटक्याचे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींमध्ये तुकडे करायचे, प्रत्येकाचं गणित सोडवायचं आणि सगळं जोडून पुन्हा वेळेच्या आलेखावर आणायचं. या पद्धतीत निवडलेला काळ चाकासारखा फिरतो. तो तोकडा पडला, तर शेवटी न शमलेल्या लाटा वळून सुरुवातीला येऊन बसतात.

"इतना कम समय क्यों लिया?"

"रिपोर्ट जल्दी देनी थी."

काळ चौपट करून आलेख पुन्हा काढायला लावला. शून्याआधीची रेघ सपाट आली. नुसत्या रजिस्टरच्या नोंदींवरून दोनदा दाबल्याचं सिद्ध होत नव्हतं; निलंबन मागे घेतलं गेलं.

ऑर्डर घ्यायला ऑपरेटर आला. दोन्ही आलेख शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिला.

"ताई, मी खरंच दोनदा दाबलं असतं, तर हा दुसरा कागद कसा आला असता?"

"असाच. एकदाच दाबलं, हे त्यात आम्हीच भरलंय."

"म्हणजे तुम्हाला अजूनही माहीत नाही."

"नाही. तुमच्याविरुद्ध पुरावा नाही, एवढंच माहीत आहे."

त्याने ऑर्डर घडी करून खिशात घातली.

"मग ड्यूटीवर जाऊ?"

"जा."