वर्षश्राद्धाचं आवतण आणि सूनबाईचे सर्व्हर

माझी सून नाहूरच्या आमच्या घरात हॉलमध्ये बसून कुठल्या कुठल्या सर्व्हरना हुकूम सोडते. सर्व्हर म्हणजे मोठे कॉम्प्युटर, ते कुठे आहेत हे तिलाही नीट माहीत नाही. स्क्रिप्ट म्हणून काहीतरी लिहिते, मग तोच हुकूम एकामागून एक सगळ्यांना जातो आणि सगळ्यांची उत्तरं एका गठ्ठ्यात परत येतात. ‘झालं’ म्हणणारे बाजूला टाकायचे, ‘फेल’ म्हणणारे तेवढे बघायचे. याचा पगार मिळतो. मी चौथी शिकलेला, जन्मभर हातगाडी ओढली. मला वाटायचं, काम म्हणजे घाम येतो ते.

माझी बायको गेली त्याला वर्ष होत आलं, हिच्या वर्षश्राद्धाची वेळ आली. मी म्हटलं, एकेकाला फोन करून सांगतो. मुलगा म्हणाला, बाबा, आता फोन कोण करतं, ग्रुपवर टाकतो. टाकलं. नातेवाईक एवढे हळवे की जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. हिच्या आजारपणात एकाचेही हात मोकळे नव्हते, आता बघा. सूनबाईने मोबाईल घेऊन तिच्या पद्धतीने गठ्ठा चाळला. ‘नाही जमणार’ म्हणाले ते पाहुण्यांच्या यादीतून काढले, बाकीचे येणार असं धरून आचाऱ्याला सांगून टाकलं. झकास.

आदल्या दिवशी दुपारी तिच्या साहेबाचा फोन आला. एका सर्व्हरवर काम झालंच नव्हतं आणि तिने तर सगळं ठीक आहे म्हणून कळवलेलं. वाट लागली. ती गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळू लागली. मी चहा ठेवला आणि विचारलं, काय गं, नेमकं काय चुकलं?

म्हणाली, तो सर्व्हर दुरुस्तीला होता, म्हणून स्क्रिप्टने त्याला विचारलंच नाही, पुढे गेली. पण गठ्ठ्यात त्याचं नाव येतंच, ‘स्किप’ असा शिक्का घेऊन. मी फक्त फेल झालेले शोधले. तो फेल नव्हता, म्हणून झालं असं धरलं. आता स्किपवाले वेगळे काढायला हवेत.

बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, मानखुर्दच्या मावशींना कुणी विचारलं?”

मावशी म्हणजे हिची थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेली, तेव्हा हिला तिनेच वाढवलं. बटणांचा फोन, ग्रुपमध्ये नाही. नाही म्हणाली नाही, म्हणजे येणार, असं आमच्या हुशार घराने धरलेलं. आणि आमच्यात बाईच्या माहेरच्याला नवऱ्याने स्वतः तोंडाने सांगायचं असतं, नाहीतर माहेर उंबऱ्यात पाय ठेवत नाही. बहिणीच्या पानाला बहीण नाही, तर ते पान कसलं?

फोन लावला. मी ‘अक्का’ एवढंच म्हटलं.

“तारीख मला कळते हो, भावोजी. बहीण माझी आहे.”

“चुकलं. उद्या या.”

“मी येईन, पण न्यायला तुम्ही या. मुलाला पाठवू नका.”

सकाळी रिक्षाने गेलो. ती नऊवारी नेसून दारातच बसलेली, पायाशी पिशवी. उशीर केलात म्हणाली.

जेवायला बसलो तेव्हा हात जोडणाऱ्यांतले अर्धे गायब. आचाऱ्याचं पातेलं तसंच भरलेलं. येतो म्हणून न येणाऱ्यांना कुठला शिक्का मारायचा, ते सूनबाईच्या स्क्रिप्टला अजून ठाऊक नाही. हिच्या फोटोपुढचं पान अक्काने वाढलं. मग माझ्या शेजारी बसून पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“आमटीत मीठ नाही. ती गेल्यापासून असंच अळणी गिळताय का?”

मी हो म्हटलं. तिने माझ्या वाटीत मीठ टाकलं, आणि मी दुसऱ्यांदा भात मागितला.