सोमवारचं विमान

"सोमवारी सकाळचंच विमान हवं का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"सकाळचंच. दहाला प्लांटच्या गेटवर हजेरी लावायची असते," विल्सन सर म्हणाले. मग खुर्ची थोडी पुढे ओढून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांच्या शहा शेठनी बजावलं होतं की पुढच्या महिन्यापासून विमानाचा खर्च निम्म्यावर आला पाहिजे. नाहीतर नागपूरला खोली घ्यायची आणि कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, तिथंच राहायचं.

विल्सन सर भाईंदर पूर्वेच्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर आहेत. बिस्किटं पाकिटात भरणारी मशीनं ही कंपनी बनवते. त्यातली तीन नागपूरबाहेरच्या एका कारखान्यात चालतात आणि त्यांची देखभाल सरांकडे आहे. दर सोमवारी जायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत यायचं. घर पाली गावात, उत्तनच्या पुढे. घरी आई आहे, तिला आता जवळजवळ दिसत नाही. दर रविवारी ते तिला स्कूटरवर मागे बसवून चर्चला नेतात, कारण त्यांच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही.

"बायको चालवते की स्कूटर," ते म्हणाले, "पण आई तिच्या मागं बसत न्हाय. तीन वर्षं झाली, चर्च सोडून ती कुठं गेलेली न्हाय. मी नागपूरला राहिलो तर तेवढंही बंद."

मी म्हटलं, बघते.

मी मीरा रोडला, नया नगरच्या तोंडाशी असलेल्या इरफानभाईंच्या ट्रॅव्हल एजन्सीत काम करते. मूळची नागपूरकडच्या सेलूची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि घरात पहिली बी.कॉम. मी. मुलाखतीत माझं इंग्रजी अडलं तेव्हा इरफानभाई म्हणाले, "टिकट को कौनसी भाषा आती है? बैठ जा." त्या खुर्चीवर मी अजून बसते आहे. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

दुपारी फोन थांबले की मी कुणीही न मागितलेली तिकिटं बघत बसते. लेह, अगत्ती, दिमापूर. स्क्रीनवरची भाडी खाडीच्या पाण्यासारखी हळूहळू चढतात, उतरतात. मी स्वतः एकदाही विमानात बसले नव्हते, पण कुठल्या गावाला दिवसाची कुठली वेळ स्वस्त असते हे मला पाठ होतं. नकाशावर मुंबई ते नागपूर रेघ ओढली तर ती आमच्या सेलूच्या जरा वरून जाते. दर सोमवारी विल्सन सर तिथून जात असतील, खाली वडील दुकानाची फळी उघडत असतील आणि आवाज ऐकून वर बघत असतील, असं मला उगाच वाटायचं.

आता भाड्याबद्दल थोडं. एका विमानातल्या सगळ्या सीटची किंमत एक नसते. विमान कंपनी सीटचे गट पाडते, त्याला आम्ही बकेट म्हणतो. स्वस्त बकेट आधी भरतं, मग पुढचं उघडतं. सोमवारी सकाळी सगळी ऑफिसं उडतात आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळी परततात, त्यामुळे या दोन वेळांना स्वस्त बकेट फार लवकर संपतात.

मी सोपा उपाय केला. चार आठवड्यांची तिकिटं आधीच काढली. दिसायला छान बचत झाली. पण शुक्रवारी दुपारी सरांचा फोन यायचा, काम उरलंय, परतीचं तिकीट उद्यावर ढकला. तारीख बदलायचं शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून सगळी बचत जायची. असं तीनदा झालं. शेठनी दिलेल्या मुदतीतला एकच आठवडा उरला होता.

मी त्यांची जुनी सगळी तिकिटं प्रिंट करून टेबलावर पसरली. शुक्रवारची परत येण्याची तिकिटं सारखी बदललेली. पण मंगळवारी किंवा बुधवारी काम संपलं, लवकर येतो, असं सात महिन्यांत एकदाही नाही. मला ते विचित्र वाटलं. सर शनिवारी आले तेव्हा मी विचारलं, "सर, सोमवारी तिथं पोचल्यावर तुम्ही काय करता?"

त्यांनी टेबलावरची तिकिटं एकावर एक नीट रचली.

"कॅन्टीनमध्ये बसतो," ते म्हणाले.

त्या भागात वीज वाटून घ्यायची म्हणून कारखान्यांच्या सुटीचे वार वेगवेगळे असतात. यांच्या प्लांटची सुटी गुरुवारी. इतर दिवशी चालू लाइन थांबवून मशीन उघडू द्यायला प्लांटवाले तयार नसत. खरं काम गुरुवारी, आणि उरलेलं शुक्रवारी त्यांच्या दोन्ही पाळ्यांच्या जेवणाच्या सुटीत. म्हणून शुक्रवार लांबायचा.

"मग हे शेठना का नाही सांगितलं?"

"पहिल्या आठवड्यात सांगायला पायजे होतं. तेव्हा लाज वाटली. मग सात महिने झाले. आता सांगितलं तर म्हणतील, फुकटचा पगार खाल्ला. नोकरीच जायची, ताई."

स्वस्त तिकीट मला दिसत होतं. बुधवार दुपार आणि शनिवार दुपार, दोन्ही विमानं अर्धी रिकामी. पण ते मागायचं तर सरांना तोंड उघडावं लागणार होतं. मी म्हटलं, माझ्याकडून ही गोष्ट बाहेर जाणार नाही, तुम्हीच ठरवा. ते उठून दारापर्यंत गेले, परत आले. शेवटी म्हणाले, "तू चल बरोबर. भाड्याचं तू सांग, बाकीचं मी सांगतो."

सोमवारी ते विमानात बसले नाहीत. आम्ही दोघं शेठच्या केबिनमध्ये बसलो. मी भाड्यांचा कागद ठेवला. सरांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

शहा शेठ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे सात महिने मी तुला चा प्यायला विमानाने पाठवला?"

"हो शेठ."

"चा तरी बरा होता काय?"

"न्हाय शेठ. पाणचट."

शेठ हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "पण सोमवार कुणी ठरवला? मीच ना? त्यांना सुटी कधी, ते मी पण विचारलं नाही. आपला कामाचा हप्ता सोमवारी चालू होतो, म्हणून त्यांचा पण होत असेल, असं धरून चाललो." मग माझा कागद खिशात घालत ते सरांना म्हणाले, "आजपासून सोमवार-मंगळवार इथे वर्कशॉपमध्ये. इथे कॅन्टीन नाही, लक्षात ठेव."

बाहेर आल्यावर सर जिन्याच्या पायरीवर बसले. मी पण बसले. आम्ही समोरच्या गाळ्यातलं पत्र्याचं काम बघत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी घरी फोन लावला आणि म्हणाले, "आईला सांग, मी कुठं जात न्हाय."

बुधवार-शनिवारचा खर्च निम्म्याच्याही खाली आला. शनिवारचं तिकीट एकदाही बदलावं लागलं नाही. आमचं कमिशन मात्र घटलं. इरफानभाई म्हणाले, "तूने तो अपना ही धंदा काटा," आणि पुढच्या दोन कंपन्यांचं काम माझ्याकडे दिलं.

आता दर आठवड्याला प्रवास करणारा कुणी आला, तर मी आधी तारीख विचारत नाही. पहिल्या दिवशी तिथं पोचून काय करता, ते विचारते. बहुतेक जण पटकन म्हणतात, मीटिंग. मी पेन खाली ठेवून गप्प बसते. मग ते विचार करायला लागतात.